पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर

९ ऑक्टोबर

पोचले बाई एकदाची! रात्रभर बोटीने असं घुसळून काढलं की आतडी जागेवर आहेत की नाहीत, शंकाच आहे. पण सकाळी डेकवर आले आणि समोर कामाने नावाचं बेट उभं. उभंच म्हणायचं, कारण याला किनारा असा नाहीच. समुद्रातून सरळ वर गेलेला काळा कडा आणि त्याच्या माथ्यावर गच्च हिरवी झाडी. धक्क्याला लागताना बोट एवढी वरखाली होत होती की खलाशाने माझं बखोट धरलं, लाट वर आली तसं मला अल्लद बाहेर ढकललं आणि पाठोपाठ माझ्या बॅगा फेकल्या.

पर्यटन संघाचे प्रमुख आसानुमासान न्यायला आले होते. गोल चेहरा, पांढरी टोपी, कपाळावर घाम. म्हणाले, सुगानोसान, तुम्ही उतरलात यातच आम्ही जिंकलो, मागच्या बाई धक्का बघूनच परत गेल्या. पर्यटन संघ म्हणजे ते, एक टेबल, आणि आता मी.

मार्चअखेरपर्यंतचा करार आहे. इथे नाव काढलं की तोक्योच्या ऑफिसात कायमची नोकरी, मग स्वतःचं घर, आणि मग माझी कोनात्सु माझ्याजवळ. घटस्फोटानंतर ती कावागोएला माझ्या आईकडे राहते. सात वर्षांची आहे. तिच्या बापाने दुसरं लग्न केलंय आणि आता त्याला लेकीचा पुळका आलाय. माझं बस्तान बसलं नाही तर तो तिला घेऊन जाणार, हे त्याने वकिलाकरवी कळवलंय. एप्रिलमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत येते, असं मी तिच्या करंगळीत करंगळी अडकवून सांगून आलेय. येणारच.

१२ ऑक्टोबर

बेट पालथं घातलं. मोठ्या वाटीत छोटी वाटी उपडी ठेवावी तसा आकार आहे. बाहेरची वाटी म्हणजे जुन्या ज्वालामुखीचा काठ, आतली म्हणजे नंतर उगवलेला बुटका डोंगर, आणि दोन्हींच्या मधल्या सपाटीवर गाव. फोटो असे येतात की कॅमेऱ्यालाही कळत नाही कुठे बघावं. आणि इथे माणसं येत नाहीत! दोष बेटाचा नाही, जाहिरातीचा आहे. मी आलेय ना आता.

जमिनीतून ठिकठिकाणी वाफ निघते. प्रत्येक घरामागे दगडी हौद बांधून त्यावर लाकडी झाकण टाकलंय, तीच चूल. बायका सकाळी बांबूच्या करंडीत रताळी, अंडी, मासे ठेवतात, झाकण लावतात आणि शेतावर जातात. दुपारी येऊन जेवतात. ना सरपण, ना धूर.

मी राहते ती तोयो आजींची खानावळ. आजी ऐंशीच्या घरातल्या, जीभ मात्र विशीतली. मजा अशी की घरामागे चूल धुमसत असताना माझं जेवण मात्र गॅसवर होतं. सिलिंडर बोटीने येतात, आणि बोट आली तर आली. मी म्हटलं, आजी, मलाही तुमच्यातलंच वाढा की. तर म्हणाल्या, शहरी पोट तुझं, बिघडलं म्हणजे संडास मी धुऊ होय? घरची माणसं आत चुलीच्या दाराशी बसतात, माझा ट्रे खिडकीपाशी वेगळा. गावात सगळीकडे हीच रीत, पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर. यजमानांचा मान ठेवायचा म्हणून तेच जेवते.

१ नोव्हेंबर

सुचलं! वाफेवरचं जेवण. पाहुण्याने स्वतःच्या हाताने करंडी भरायची, गाव हिंडून यायचं, आणि डोंगराने शिजवलेलं खायचं. अख्ख्या देशात कुणाकडे आहे असं?

आसानुमासानना सांगितलं. त्यांनी बराच वेळ चहाचा कप फिरवला, मग श्वास आत ओढला आणि म्हणाले, विचार करू. आपल्याकडे विचार करू म्हणजे काय हे मला कळत नाही असं नाही. त्याचा अर्थ चक्क नाही. पण तोंडाने नाही म्हणायचा शिष्टाचार नाही, तर मी तरी का समजून घ्यावं? मी वाकून आभार मानले आणि म्हटलं, मग मी तयारीला लागते. ते हसले. हसण्यावाचून काय करणार? माणसाला त्याच्याच सभ्यतेत अडकवलं की तो सुटत नाही. घरी येऊन आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, लाज नाही वाटत का गं? कोनात्सु मागून ओरडत होती, आई, माझा दात पडला!

८ नोव्हेंबर

आज पत्रकासाठी फोटो काढले. शाळेमागची सार्वजनिक चूल निवडली. शाळेत आता मूल फिरकत नाही, त्यामुळे मोकळीच असते. सकाळीच करंडी भरून ठेवली होती, झाकण काढलं तर वाफेत सोनेरी रताळी, फुटलेल्या सालीतून मध गळतोय. फोटोत माणूस हवा म्हणून मीच एक सोललं आणि चावा घेतला.

असं रताळं मी जन्मात खाल्लं नव्हतं. एक संपवलं, दुसरं संपवलं, मग अंडी. बोटं चाटत बसले. गंधकाचा किंचित वास आणि त्याखाली काहीतरी फार ओळखीचं, आपल्या घरचं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. पोट बिघडलं नाही, उलट पावलं रात्रीपर्यंत ऊबदार होती.

९ नोव्हेंबर

आजींना कसं कळलं कोण जाणे. सकाळी खिडकीपाशी ट्रे नव्हता. त्या चुलीच्या दाराशी बसल्या होत्या, शेजारी एक जास्तीचं आसन. माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाल्या, आता काय, ये, बस इथं. आणि करंडी माझ्यापुढे सरकवली.

मला घरचं माणूस केलं! महिन्याभरात! आईला फोन करून हेही सांगितलं.

२४ नोव्हेंबर

पहिली सहल दणक्यात झाली. पाहुणे दोनच, पण दोघांनी ताव मारला. पक्ष्यांचे फोटो काढणारे निवृत्त गृहस्थ हिराबायाशीसान तर करंडीत डोकं घालून वास घेत होते. बोटीवर चढताना वळूनवळून डोंगराकडे बघत गेले. कॉलेजातली एक मुलगी, चिनामी, बोटीवर चढलीच नाही. शिडीपर्यंत गेली, हसली, आणि म्हणाली, मी पुढच्या बोटीने जाईन. आजींच्या मैत्रिणीकडे मासे वाळवायला लागलीय.

राहायलाच आलेली पहिली पाहुणी! आसानुमासान आता विचार करू म्हणत नाहीत. तेही खूश आहेत, फार. मला विचारत होते, तुमच्या मुलीला आता कितवं?

१४ डिसेंबर

हिराबायाशीसानच्या बायकोचा ऑफिसात फोन आला. अगदी हळू बोलत होत्या, माफी मागत मागत. तिथे यांनी काय खाल्लं हो? घरचं काही घशाखाली उतरत नाही. राख आहे म्हणतात. दवाखान्यात सलाइनवर ठेवलंय. रताळं, रताळं करतात, मी आणते, उकडते, तर थुंकतात. तुमच्याकडचं पाठवता येईल का?

मी लगेच पेटी भरून पाठवली. गंधकाची ॲलर्जी असेल काहीतरी. आसानुमासान पेटीकडे बघत राहिले. म्हणाले, तिथे पोचेपर्यंत उपयोग नाही राहणार. का, ते सांगितलं नाही.

आजच आईचं पार्सल आलं, माझ्या आवडीचं पीच, तिने साखरेत घातलेलं. एक फोड तोंडात टाकली. बरणी खराब झाली असावी. खडूसारखं लागलं.

१९ डिसेंबर

हिराबायाशीसान गेले. पेटी पोचली होती. त्यांनी एक चावा घेतला आणि रडले म्हणे. तेही राख झालं होतं.

मी बिस्कीट खाऊन बघितलं. मग दुकानातला पाव. मग इन्स्टंट नूडल्स, गॅसवर, माझ्या हाताने. सगळं एकच. चुलीतली गार राख तोंडात धरावी तसं.

नवीन वर्षाला घरी जातेय. मनाचे खेळ असतील तर तिथे कळेलच.

३ जानेवारी, कावागोए

कळलं.

आईने दोन दिवस राबून नववर्षाचं सगळं जेवण केलं. काळे घेवडे, गोड अंड्याची गुंडाळी, तांदळाच्या चिकट मोचीचं सूप. मी गिळलं आणि संडासात जाऊन ओकले, तीन दिवस. आई म्हणते, तिथे कुणी आहे का, दिवस गेलेत का तुला? कोनात्सु माझ्या मनगटाला हात लावून म्हणाली, आई, तू बारीक झालीस, माझी मोची घे. मी तिच्यासमोर ती खाल्ली. चघळली, हसले, छान म्हटलं.

पाय गार पडलेत. हीटरशी बसलं तरी. उद्याची बोट धरते.

५ जानेवारी

धक्क्यावर तोयो आजी उभ्या होत्या, गरम रताळं कपड्यात गुंडाळून. मी तिथेच, सगळ्यांसमोर, सालासकट खाल्लं. गुडघ्यांवर बसून. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी डोंगर फुटला तेव्हा सरकारने सगळं बेट रिकामं केलं, तोक्योत चाळीत ठेवलं. वर्तमानपत्रात आलं की बेटाची म्हातारी माणसं दुःखाने गेली. दुःखाने कुणी मरत नाही, आजी म्हणाल्या, उपासाने मरतात. इथल्या चुलीचं एकदा पोटात गेलं की दुसरं काही जात नाही. आणि चुलीवरून काढलेलं दिवसभर टिकतं, नंतर त्याचीही राख. मासेमारीची बोट चोरून बेटावर जायची आणि रातोरात एक पाटी आणायची. पाटी एक, तोंडं अख्ख्या गावाची. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, ते आम्ही ठरवलं. एवढं म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मुलांना सातव्या वर्षापर्यंत इथे कुणी वाफेवरचं देत नाही. सातव्या वर्षी पहिली करंडी, मग ते बेटाचं. ज्यांना पोरं बाहेर शिकावीत असं वाटलं त्यांनी दिलंच नाही, गॅसवर वाढवली आणि बोटीत बसवली. म्हणून शाळा ओस पडली. म्हणून पाहुण्यांना गॅस. दया होती ती, आणि मी चुलीची जाहिरात केली.

६ जानेवारी

पत्रकं जाळली. सहली रद्द. चिनामीला सांगायला गेले, ती ऐकून घेत होती, मासे उलटत होती, आणि म्हणाली, माहितीये ताई. सुरुवातीला रडू आलं, आता नाही येत.

मी मार्चमध्ये जाणार नाही. कधीच जाणार नाही. हे लिहून बघितलं. पाय छान ऊबदार आहेत. कोनात्सुला काय सांगू?

२० फेब्रुवारी

आसानुमासान शाळा झाडून घेत होते. खिडक्या पुसल्या. पुढच्या रांगेत एकच बाक, छोटा, रंग दिलेला. मी विचारलं कुणासाठी. म्हणाले, शाळेला मूल नसेल तर वर कळवतात, मग डॉक्टर काढतात, मग बोट कमी करतात, मग बेट संपतं. एक मूल पुरे असतं, सुगानोसान.

कुणासाठी ते पुन्हा विचारलं. हसले.

२१ मार्च

आईचा फोन. आवाजात नुसता आनंद. पर्यटन संघाकडून दोन तिकिटं आली, तुझ्या कामाचं बक्षीस म्हणून, किती भली माणसं आहेत. शाळेला सुट्टी आहे तर निघालोच, बोटीवरूनच बोलतेय, तुला चकित करायचं होतं!

मी ओरडले, उतरा, परत जा. बोट सुटली होती. लाइन गेली.

२२ मार्च

उतरले. लाट मोठी होती, खलाशाने कोनात्सुला झेललं. पळत आली, माझ्या पोटाला डोकं लावलं. पुढचे दात नवे आलेत.

माल उतरवता आला नाही. बोट थांबली नाही. सिलिंडर बोटीतच परत गेले.

धक्क्यावर अख्खं गाव. प्रत्येकीच्या हातात करंडी. किती गोड पोर, भूक लागली असेल ना गं राणी, असं सगळ्या एकदम. मी तिला उचललं आणि पळाले.

२३ मार्च

वादळ. बोट नाही.

आईच्या पिशवीत बिस्किटं, भाताची पाकिटं. कोनात्सुला तेवढंच. खोलीला कडी. आईला खरं सांगितलं, ती माझ्या कपाळाला हात लावून बघते. लेकराला उपाशी मारतेस का, गावातल्या बायका एवढं प्रेमाने देतात आणि तू. आजी दारात आल्या होत्या, रिकाम्या हातांनी. त्या म्हणाल्या, गॅसमध्ये दोन दिवसांचा जीव आहे, मी पोरीसाठी राखून ठेवलाय. मी त्यांच्या पाया पडले.

२५ मार्च

गॅस संपला.

दुकानात पाव नाही. आसानुमासान दुकानातून बाहेर पडताना दिसले, दोन पिशव्या. दोन्ही पावाने भरलेल्या.

आई सकाळी फिरायला म्हणून गेली. आली ती बोटं चाटत. डोळे ओले. अगं किती वर्षांनी, म्हणाली, माझ्या आईच्या हातचं—

आई, काय केलंस.

२६ मार्च

आईने बिस्कीट थुंकलं. आता विश्वास ठेवते. भिंतीकडे तोंड करून बसलीय. कोनात्सु तिचे केस विंचरते.

मग पोरीला नेणार कोण? मी गेले तर तिला सोडून परतणार नाही, तिच्यासमोर उपाशी मरेन. एकटी. खलाशाला सांगायचं. तिकडे धक्क्यावर— फोन केला मी तिच्या बापाला. तो येईल म्हणाला. लगेच. बायकोला हाक मारली त्याने, ऐकलंस का, कोनात्सु आपल्याकडे येतेय. आनंदाने.

ती त्या बाईला आई म्हणायला लागेल. वर्षभरात. मुलं विसरतात.

पण जगेल. शिकेल. वाटेल ते खाईल. हे दहादा लिहावं म्हणते.

२७ मार्च, सकाळ

आकाश स्वच्छ. समुद्र ताटासारखा. बोट येतेय, दुपारी परत निघेल. गळ्यात अडकवायचा कागद लिहिला, नाव, फोन. बॅग भरली.

शेवटचं बिस्कीट काल संपलं. पाणी पिऊन निघेल. बोटीवर कॅन्टीन आहे. दुपारपर्यंत कळ काढेल ती. शहाणी आहे.

काल विचारत होती, मी गेले की तू कधी येणार? करंगळी पुढे केली. मी माझी दिली नाही. ती तशीच धरून बसली.

बोटीचा भोंगा—

आसानुमासान फाटकाशी. आत येत नाहीत. करंडी पायरीवर ठेवली, वाकले, गेले. तोयो आजी ओरडत धावल्या त्यांच्या मागे, हातात झाडू.

करंडी फेकायची आहे. फेकते.

झाकण उघडलं फक्त. बघायला. माझीच सकाळची भूक—

तिचा बाप रात्री तिकडच्या धक्क्यावर तयारच असणार, नवा फ्रॉक घेऊन. ती नवी बाई तिचे केस विंचरणार. आणि मी इथे ऊबदार पायांनी, पन्नास वर्षं, बोटी मोजत. चिनामी म्हणाली ना, नंतर रडू येत नाही. इथे वाईट काय आहे? हवा आहे. शाळा आहे. आजी आहे. आई आहे. मी आहे—

नाही. फेकते.

कोनात्सु उठली. आई, कसला छान वास येतोय गं.

दुसरा भोंगा. आई भिंतीकडून वळली, माझ्याकडे बघतेय, मान हलवतेय, नको, नको— तोंडातून आवाज नाही तिच्या.

पोरीच्या पोटात गुरगुर इथवर ऐकू येते.

अर्धं. अर्ध्याने काय—

हात धुऊन ये म्हटलं तिला. नळ सुरू आहे. साल सोलून ठेवते तोवर, गरम आहे, भाजेल तिला. नळ बंद झाला. येतेय